आजीला काय हवं असतं?

मुलांच्या पुस्तकातली आजी बहुतेक वेळा काहीतरी देत असते. गोष्ट देते, लाडू देते, खोकल्यावर चाटण देते. तिला स्वतःला काय हवं आहे, हे लेखकाला क्वचितच सुचतं. लाल टोपीवाल्या मुलीची आजी तर अंथरुणातून थेट लांडग्याच्या पोटातच जाते.

म्हणून आपली भोपळ्यातली म्हातारी मला मोलाची वाटते. ती एकटी, पायी, जंगलातून लेकीकडे निघते. कशासाठी? चांगलंचुंगलं खाऊन अंगावर मूठभर मांस चढवायला! वाटेत वाघ-कोल्हे आडवे येतात, त्यांना ती शब्दांत गुंडाळते. ज्या घरांतून लेकीच्या घरचं पाणीही प्यायचं नाही अशी रीत होती, तिथंही बायका ही गोष्ट नातवंडांना सांगत आल्या. एका बचत गटात मी ती सांगितली, तर साठी ओलांडलेल्या एक बाई म्हणाल्या, "म्हातारी गेली खरी, पण सून काय म्हणाली ते नाही सांगितलंत." पुढचा अर्धा तास आम्ही त्यावरच बोलत होतो!

दुसरी आजी सुधा मूर्तींची. 'हाऊ आय टॉट माय ग्रँडमदर टू रीड' हे त्यांचं इंग्रजी पुस्तक २००४ साली आलं. कर्नाटकातल्या खेड्यातली ही आजी नातीकडून 'कर्मवीर' साप्ताहिकातली त्रिवेणींची 'काशीयात्रे' ही कादंबरी दर आठवड्याला वाचून घेते. नात लग्नाला म्हणून आठवडाभर परगावी जाते. इकडे अंक येतो, आजी पानं उलटते, एक अक्षर कळत नाही. गावात दुसऱ्या कुणाला वाचायला सांगायचा संकोच. घरात पैसा असून हे परावलंबन! बासष्टाव्या वर्षी ती शिकायचं ठरवते, दसऱ्याची मुदतही स्वतःच घालून घेते आणि पाळते. पुस्तकाच्या नावात मात्र शिकवणारी नात आधी येते. मला विचाराल तर गोष्ट आजीच्या हट्टाची आहे. आणि तिला वाचायचंय काय, तर कादंबरी! नातवाचा अभ्यास घेण्यासाठी नव्हे, पोथीसाठीही नव्हे.

आपल्याकडे मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी आणि पाठीवर दप्तर, असे आज्यांचे फोटो गाजले. लोक म्हणाले, किती गोड! मला त्या 'गोड'चा राग येतो. इतकी वर्षं या बायका शाळेबाहेर का राहिल्या, हा प्रश्न त्या गोडव्यात विरघळून जातो.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जणी वस्त्यांवर मुलांसाठी पुस्तकपेट्या चालवतात. पुढच्या खेपेला पेटी भरताना एवढं बघा : त्यातली आजी नुसतीच गोष्ट सांगते, की तिची स्वतःची काही गोष्ट आहे? तशी आजी मराठी पुस्तकात सापडली, तर पुस्तकाचं नाव जरूर कळवा. माझी यादी फार लहान आहे.