परवडणारे घर आणि पसरणारी साथ

घरातच राहा, अंतर ठेवा, हात वारंवार धुवा. २०२० च्या करोना साथीतल्या या तिन्ही सूचना योग्यच होत्या. पण त्या पाळायला आधी घर लागते, घरात दुसरी खोली लागते आणि नळाला पाणी लागते. धारावीत एका खोलीत सात-आठ माणसे राहतात, शौचालय सार्वजनिक. तिथे अंतर कुणी कुणापासून ठेवायचे?

जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत रक्ततपासणी झाली. झोपडपट्टीतल्या सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात करोनाची प्रतिपिंडे आढळली. त्याच विभागांतल्या इतर वस्त्यांत हे प्रमाण १६ टक्के होते. शहर तेच, विभाग तेच. मोठा फरक होता तो घरांचा.

अशा खोल्यांत कुणी हौसेने राहत नाही. काम शहरात असते आणि कामाजवळचे बरे घर पगारात बसत नाही. मग माणसे एकच खोली वाटून घेतात. भाड्यात वाचलेले पैसे पुढे औषधात जातात.

मुंबईला हा धडा जुनाच आहे. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग निघाला, तेव्हा अंधाऱ्या, दाट चाळींकडे बोट दाखवले गेले. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या, दाट चाळी पाडल्या. मात्र गरिबांना परवडतील अशा खोल्या त्या मानाने कमीच बांधल्या. उठवलेली कुटुंबे शेजारच्या चाळींत शिरली आणि तिथली दाटी वाढली.

नुसती घरे मोजूनही भागत नाही. गोवंडी-मानखुर्दच्या काही पुनर्वसन वसाहतींत इमारती इतक्या खेटून उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही. अभ्यासकांना या अंधाराचा क्षयरोगाशी संबंध आढळला आहे. डोक्यावर छप्पर आले, पण ऊन-वारा गेला.

म्हणून मला वाटते, पुढच्या साथीची तयारी करताना खाटा आणि औषधे मोजावीत, तशीच परवडणारी भाड्याची घरे आणि त्यांच्या खिडक्याही मोजाव्यात. आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाई, भाजीवाला, इमारतीचा रखवालदार याच वस्त्यांतून येतात. त्यांच्या घरात ऊन यावे, ही मागणी दयेपोटी केलेली नाही. आपल्या घराचे आरोग्यही त्यातच आहे.