काळं अक्षर एकाच शाईत छापा

दिवाळी अंकाची पीडीएफ छापखान्याकडे पाठवण्याआधी ती ॲक्रोबॅट प्रोमध्ये उघडावी, ‘आउटपुट प्रिव्ह्यू’ सुरू करावा आणि ‘ब्लॅक’समोरची खूण काढून टाकावी. पानावरचा मजकूर नाहीसा झाला तर फाइल ठीक. तपकिरी-करड्या रंगात तो मागे उरला, तर अंक पाठवू नये. ती अक्षरं चार शाया मिळून छापली जाणार आहेत. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांच्या संपादकांनी ही तपासणी शुद्धलेखनाइतकीच आपली मानावी, असं माझं ठाम मत आहे.

मी न्यू जर्सीत राहते आणि मंडळाच्या अंकाची मांडणी करते. आमच्याकडे मजकूर चहूबाजूंनी येतो. कुणी वर्डची फाइल पाठवतं, कुणी जीमेलमध्येच कविता टाइप करतं, एखादे काका व्हॉट्सॲपवर अख्खा लेख धाडतात. प्रत्येकाचा काळा वेगळा. वर्डचा काळा पडद्यासाठीचा, म्हणजे आरजीबी. जीमेलमधून उचललेला मजकूर पुष्कळदा काळा नसतोच, तो ३४-३४-३४ असा गडद करडा असतो. कॉपी-पेस्ट केलं की शब्दांबरोबर रंगही येतो आणि डोळ्यांना काही कळत नाही. त्यात मांडणीचं सॉफ्टवेअर इनडिझाइन मुळातच सगळे काळे पडद्यावर सारखेच गडद दाखवतं. ती सेटिंग बदलली की निव्वळ काळ्या शाईतला मजकूर जरा फिका दिसू लागतो. मग कार्यकारिणीतून फोन येतो, ‘अहो, अक्षर फिकं का दिसतंय?’ हे फिकं दिसणारंच कागदावर स्वच्छ उमटणार आहे, हे दर वर्षी नव्याने पटवावं लागतं.

पडद्यावरचा काळा म्हणजे उजेड नसणं. कागदावर मात्र तो शाईने घडवावा लागतो. अमेरिकेत वर्षानुवर्षं रुळलेल्या ‘स्वॉप’ प्रोफाइलमधून आरजीबीचा शुद्ध काळा सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत, गेला, की साधारण सायन ७५, मॅजेंटा ६८, यलो ६७ आणि ब्लॅक ९० टक्के असं मिश्रण तयार होतं. बेरीज ३००. फोटोतल्या रात्रीच्या आकाशाला हा काळा शोभतो. दहा पॉइंटांच्या देवनागरीचा तो घात करतो. ऑफसेटवर प्रत्येक शाईची प्लेट वेगळी. त्यातली एक जरी केसभर सरकली, तरी अक्षराला रंगीत कडा फुटतात. असाच छापलेला एक अंक मी भिंगाखाली धरून पाहिला आहे. शिरोरेषेच्या वर निळसर कड, खाली गुलाबी. ‘ष’चं पोट भरून गेलेलं. ‘सर्वांना’मधला रफार आणि अनुस्वार मिळून एकच ठिपका झालेला. त्याच पानावरची इंग्रजी जाहिरात मात्र वाचता येत होती, कारण रोमन अक्षराच्या डोक्यावर एवढी गर्दी नसते.

काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हा मजकूर खिळ्यांनी जुळत असे. यंत्रावर काळी शाई असली की अक्षर काळंच उमटे. आज ते काळं उमटावं म्हणून आपल्याला मुद्दाम सांगावं लागतं.

उलट प्रकार जाहिरातींत घडतो. गडद पट्टीवर पांढरी अक्षरं असतात आणि इलस्ट्रेटरमध्ये आधी काळी असताना त्यांना लावलेलं ‘ओव्हरप्रिंट’ (खालचा रंग न कापता त्यावरच छापण्याची सूचना) तसंच राहिलेलं असतं. पांढरं म्हणजे शाई नाही. जी शाई नाही ती पट्टीवर छापायची, म्हणजे काहीच छापायचं नाही. साध्या पीडीएफ व्ह्यूअरमध्ये फोन नंबर ठळक दिसू शकतो आणि छापील पानावर नुसती पट्टी उरते. पैसे देणाऱ्या जाहिरातदाराला काय सांगणार? ॲक्रोबॅटमध्ये ‘सिम्युलेट ओव्हरप्रिंटिंग’ लावलं की हे आधीच कळतं.

अनेक छापखाने म्हणतात, ‘फाइल तुमची, तुम्ही दिली तशी आम्ही छापली.’ हे मला पटत नाही. निदान प्रीफ्लाइटमध्ये, म्हणजे छपाईपूर्व तपासणीत, दिसलेला दोष त्यांनी कळवायला हवा. पण मोठी जबाबदारी आपली आहे. डिजिटल छपाईत कृष्णधवल पानावरचा चार शायांचा मजकूर रंगीत पान म्हणून मोजला जाऊ शकतो, म्हणजे भुर्दंडही आपल्यालाच. शुद्ध आरजीबी काळा निव्वळ काळ्या शाईत बदलून देणारी सोय असते, पण जीमेलचा करडा तिच्या तावडीतून निसटतो. म्हणून मजकूर आत घेतानाच ‘टेक्स्ट ओन्ली’ पेस्ट करावा आणि पॅराग्राफ स्टाइलने त्याला एकच ब्लॅक लावावा. आणि फोनवर पीडीएफ पाहून ‘छान झालंय’ म्हणत अंकाला मंजुरी देणं बंद करावं.

‘आता कागदावर वाचतंय कोण?’ असं मला विचारतात. वाचतात ते १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर इथे आलेले लोक. शिकागोचं मंडळ १९६९ मध्ये आणि बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये उभं राहिलं, ते याच पिढीच्या खटपटीतून. आज त्यांच्यातल्या कित्येकांनी पंचाहत्तरी-ऐंशी ओलांडली आहे. मोतीबिंदू काढलेल्या, मॅक्युलाचा त्रास असलेल्या डोळ्यांनी ते अंक पहिल्या पानापासून वाचतात. अक्षराची कड धूसर झाली, तर त्यांना वाटतं आपलीच नजर आणखी उतरली. ते तक्रार करत नाहीत, अंक बाजूला ठेवतात. मला याचा फार राग येतो.

म्हणून मी कार्यकारिणीला सुचवलं आहे, की कागदी प्रूफचा खर्च अंकाच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीत मांडावा आणि तो जाहिरातींचे दर ठरवण्याआधी मंजूर करावा. ते प्रूफ ज्याच्या-त्याच्या फोनवर न फिरवता मंडळातल्या एखाद्या ज्येष्ठ वाचकाच्या हाती द्यावं. त्यांना सगळ्यात बारीक टाइपातली श्रेयनामावली वाचता आली, तरच छापखान्याला होकार कळवावा.