आधी पैसे, मग अनुदान

आमच्या चाळीमागच्या वस्तीत एक मावशी राहतात. चार घरची धुणीभांडी करतात. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या दाराशी तीन विटांची चूल धुमसताना पाहिली. आत कोपऱ्यात उज्ज्वला योजनेतली शेगडी होती. तिच्यावर पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर नातवंडांची दप्तरे.

"मावशी, गॅस असून चूल का?" मी विचारले.

"टाकी वीस तारखेला संपली बाई. पगार सात तारखेला. मधल्या दिवसांत साडेआठशे कुठून आणू?"

मावशी अडाणी नाहीत, आळशी तर मुळीच नाहीत. धुराने डोळे चुरचुरतात, छातीत खोकला घर करतो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळते. अडते कुठे, ते नीट समजून घेऊ या.

उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे सुरू झाली. गरीब घरातील बाईच्या नावावर अनामत न घेता गॅसजोडणी, असे तिचे स्वरूप. पण जोडणी एकदाच मिळते. टाकी पुन्हापुन्हा भरावी लागते. म्हणून मे २०२२ पासून या बहिणींना टाकीमागे २०० रुपये अनुदान मिळू लागले, ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ३०० झाले. २०२५-२६ या वर्षासाठी ३०० रुपये कायम राहिले. टाक्या मात्र बाराऐवजी नऊच धरल्या. आपल्या राज्यानेही २०२४ साली मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन टाक्या मोफत देण्याचे जाहीर केले.

कागदावर मदत आहे. पण ती येते मागाहून. दारात टाकी आली की पूर्ण किंमत मोजायची आणि अनुदान नंतर खात्यात जमा व्हायचे. २०१५ साली ही पद्धत देशभर लागू झाली. त्याआधी टाकीच कमी किमतीत मिळे. स्वस्त टाक्या हॉटेलांत जात होत्या, त्याला आळा घालायचा म्हणून हा बदल केला. हेतू वाईट नव्हता. पण मोफत म्हटलेल्या टाकीचेही पैसे आधी भरावे लागतात, हे हातावर पोट असलेल्या घराला जड जाते. एप्रिल २०२५ मध्ये मुंबईत १४.२ किलोची टाकी ८५२ रुपये ५० पैशांना झाली. अनुदान धरले तर त्या दराने ती साडेपाचशेला पडत होती. पण साडेपाचशे हातात असलेल्या बाईला ती मिळत नव्हती, साडेआठशे असलेलीलाच मिळत होती. उरलेल्या तीनशेंसाठी चूल पेटते.

मावशींचे दुसरे म्हणणे होते की अनुदान येतच नाही. आम्ही पासबुक घेऊन बँकेत गेलो. नोंद नव्हती. मग आठवले, बचत गटाच्या कर्जासाठी त्यांनी दुसऱ्या बँकेत खाते उघडले होते आणि तिथे आधार जोडले होते. सरकारी पैसे आधारशी सगळ्यात शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. त्या खात्यात चार टाक्यांचे बाराशे रुपये निघाले! मावशी तिथल्या बाकावर बसून नुसत्या हसत राहिल्या.

तेव्हा भगिनींनो, ही कामे या आठवड्यातच करा. आधार कोणत्या खात्याला जोडले आहे ते बँकेत विचारा आणि तेच पासबुक भरून घ्या. गॅस एजन्सीत आधारची ई-केवायसी झाली आहे का ते पाहा. तिला पैसे पडत नाहीत, कोणी मागितले तर देऊ नका. टाकी आणणाऱ्याला पावतीवर असेल तेवढेच द्या. तक्रार असेल तर १८०० २३३ ३५५५ हा क्रमांक फुकट लागतो. एकदम पूर्ण किंमत जमत नसेल तर पाच किलोची लहान टाकी मिळेल का, हे एजन्सीत विचारा. उज्ज्वलात तीही बसते आणि तिच्यावर त्या प्रमाणात अनुदान आहे.

आणि एक डबा ठेवा. साडेआठशेचा दर धरला आणि टाकी दोन महिने पुरत असेल, तर रोज पंधरा रुपये टाकले की नवी टाकी येते. अनुदानाचे तीनशे आले की खर्चू नका, त्याच डब्यात परत टाका. मग पुढच्या टाकीसाठी रोज दहाच पुरतात.

पण सगळा भार बाईच्या डब्यावर टाकून चालणार नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, तेव्हा विजेच्या धोरणाचे कामही त्यांच्याकडे होते. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, त्याशिवाय गरिबी हटणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्याच नावाची जीवनप्रकाश योजना १४ एप्रिल २०२१ रोजी राज्यात सुरू झाली. अनुसूचित जाती-जमातींच्या घरांना वीजजोडणी देताना ५०० रुपयांची अनामत पाच समान हप्त्यांत भरण्याची सोय तीत होती. पाचशे रुपयेसुद्धा एका दमात निघत नाहीत, हे तिथे कोणीतरी ओळखले होते.

विजेला जमले ते गॅसला का जमू नये? उज्ज्वलाच्या बहिणीला अनुदान वजा करूनच टाकी द्या, ही मागणी रास्त आहे. वस्तीतल्या महिला मंडळांनी ठराव करून आमदार-खासदारांकडे ती लेखी द्यावी. तोंडी सांगितलेले विरते. अर्ज द्या आणि पोच घ्या.

मावशींच्या शेगडीवरचा पुठ्ठा आता निघाला आहे. दप्तरे खिळ्याला टांगली आहेत. दाराशी विटा मात्र अजून आहेत. "राहू दे," म्हणतात, "सगळे नीट होईल तेव्हा उचलू."