रंग बदला, पण लेयर पाहून



पाथर्डीत जयंतीचा फलक करताना एका मुलाने फोटोशॉपमध्ये लाल कमान निळी केली, तर पंचशील ध्वजाचा लाल पट्टाही निळा झाला! छपाईआधी एका आजीने पाहिले म्हणून निभावले. १८८५ साली श्रीलंकेत प्रथम फडकलेल्या या ध्वजाचा क्रम ठरलेला आहे : निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी, सहाव्या पट्ट्यात पाचही रंग.

लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. रंग बदलणारा 'ह्यू-सॅच्युरेशन'चा लेयर खालच्या सगळ्या लेयरांवर चालतो. तो कमानीच्या लेयरवर ठेवा, ऑल्ट दाबून दोघांमधल्या रेषेवर क्लिक करा. मग फक्त कमानच बदलेल.

मुलांनो, लेयर न मिसळलेली मूळ फाइल जपा. पुढच्या जयंतीला नुसती तारीख बदलून भागेल.