गाठोडं सुटलं पाहिजे

‘सॉफ्ट कॉपी पाठवली आहे’ हे मराठीतलं एक सराईत खोटं आहे. फाइल उघडावी तर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्यांची चिन्हं. विचारलं तर उत्तर तयार: ‘आमचा फॉन्ट टाका, दिसेल.’

मजकुराचं रूप बदलणं हा गुन्हा नाही. जुनी ईमेल फक्त साधी इंग्रजी अक्षरं सुखरूप पोचवायची. म्हणून १९८० साली बर्कलीत मेरी अ‍ॅन हॉर्टन यांनी कुठल्याही फाइलचा अशा अक्षरांत कायापालट करणारं ‘यूयूएनकोड’ लिहिलं. पुढे ‘बेस६४’ आलं. दर ३ बाइटांची ४ अक्षरं, एवढाच हिशेब. लिनक्सवर किंवा फोनमधल्या टर्मक्सवर ‘बेस६४’ लिहा, पुढे फाइलचं नाव द्या, झालं.

‘वरवंड’ हा शब्द घ्या. व, र, व, अनुस्वार, ड: युनिकोडची ५ चिन्हं, यूटीएफ-८ मध्ये १५ बाइट, बेस६४ मध्ये २० अक्षरं. वाचायला निरर्थक. पण त्याच आज्ञेला ‘उणे डी’ जोडा, ‘वरवंड’ जसंच्या तसं परत. हे कुलूप नव्हे, गाठोडं आहे, कुणीही सोडावं. बेस६४ चा तक्ता जाहीर आहे आणि ईमेलच्या माथ्यावर लिहिलेलंही असतं की मजकूर कसा बांधलाय.

जुने फॉन्ट नेमकं हेच करत नाहीत. इंग्रजी अक्षराच्या जागी ते मराठी आकार बसवतात, प्रत्येकाचा तक्ता वेगळा, आणि कोणता वापरला हे साध्या मजकुरात कुठेच नोंदलेलं नसतं. त्या फाइलमध्ये ‘वरवंड’ शोधा. सापडणार नाही, कारण तिथे ‘वरवंड’ नाहीच, त्याचं सोंग आहे.

‘तेव्हा पर्याय नव्हता’ म्हणतात. इस्कीचं भारतीय मानक १९९१ चं, देवनागरीसह युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच. छपाईची सॉफ्टवेअरं बरीच वर्षं मागे राहिली, हे मान्य. पण ती अडचण छापण्याची होती, जपण्याची नव्हे. पतसंस्थेचा अहवाल, शाळेची स्मरणिका, ग्रामसभेचा ठराव छापून झाल्यावर युनिकोड प्रत ठेवायला कुणी अडवलं होतं?

आता फोटो काढून ग्रुपवर टाकतात. तेही तेच: डोळ्यांना दिसतं, शोधायला गेलं की हाती लागत नाही.

म्हणून पुढच्या वेळी ‘फॉन्ट टाका’ ऐकून गप्प बसू नका. युनिकोड प्रत मागा. ज्या गाठोड्याची गाठ फक्त बांधणाऱ्यालाच सुटते, त्यातला मजकूर गावाचा राहत नाही.