नसलेल्या गोष्टीचा ध्वज

“जे अंगी आहे त्याचा ध्वज मिरवावा, हे समजते, पण जे मुळात नाहीच त्याचा ध्वज कसला?” अशा आशयाचा विनोद हल्ली सुशिक्षितांच्या बैठकीत वारंवार ऐकू येतो. ह्या विनोदाचा रोख दोन ध्वजांवर असतो. ज्या स्त्रीपुरुषांस कोणाही व्यक्तीविषयी कामाकर्षण वाटत नाही त्यांचा एक, आणि प्रेमात पडणे म्हणून जे म्हणतात ते ज्यांच्या बाबतीत घडतच नाही त्यांचा दुसरा. इंग्रजीत पहिल्यांस असेक्शुअल व दुसऱ्यांस अरोमँटिक म्हणतात. विनोद करणारे आमचे स्नेही अडाणी किंवा दुष्ट नव्हेत. चांगले वाचणारे, मुलींस शिकविणारे गृहस्थ आहेत. त्यांच्याच घरांत असा मुलगा अथवा मुलगी असू शकते, म्हणून ह्या विनोदाची झडती घेणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रथम ध्वज कसे आहेत ते पाहू. असेक्शुअल मंडळींचा ध्वज २०१० साली मतदानाने निवडला गेला. त्यात काळा, करडा, पांढरा व जांभळा असे चार आडवे पट्टे आहेत. काळा पट्टा कामाकर्षणाच्या अभावाचा. करडा, ज्यांस ते क्वचित् किंवा गाढ परिचयानंतरच वाटते अशा मधल्या लोकांचा. पांढरा, ह्या वर्गाबाहेरील जोडीदारांचा व मित्रांचा; आणि जांभळा सर्वांच्या मिळून होणाऱ्या समाजाचा. दुसरा ध्वज २०१४ सालचा. गडद हिरवा, फिका हिरवा, पांढरा, करडा व काळा असे त्याचे पाच पट्टे. तांबडा रंग प्रणयाचा, म्हणून रंगचक्रात त्याच्या समोर येणारा हिरवा ह्यांनी आपला मानला. पांढरा पट्टा त्यांनी मैत्रीस दिला आहे. दोन ध्वज दोन भिन्न गोष्टी सांगतात, हे ध्यानी ठेवावे. शरीराची ओढ नसूनही एखाद्याचे कोणावर उत्कट प्रेम जडते. उलट, शरीराची ओढ असूनही एखाद्यास प्रणय म्हणजे काय हे कधीच उमगत नाही. काहींस दोन्ही नसतात.

“असले अर्थ घरबसल्या कोणीही ठरवील!” असा पहिला आक्षेप. ठरविले, हे खरेच. परंतु रंगांचे अर्थ ठरविल्यावाचून कधी कोठे लागले आहेत? आमच्या तुळजापुरास नवरात्रात ज्या नऊ रंगांची वस्त्रे नेसून स्त्रिया दर्शनास येतात, ते दिवसागणिक रंग वर्तमानपत्रांनी अलीकडच्या काळात रूढ केले. आज ते पाळताना कोणी हसत नाही. काळा रंग आम्ही लग्नघरी अशुभ मानतो, आणि त्याच मांडवात वधूच्या गळ्यात काळे मणी बांधतो. संक्रांतीस तर काळे लुगडे हौसेने घेतो. हिरवा चुडा आमच्याकडे सौभाग्याची खूण, तर ह्या दुसऱ्या ध्वजात तोच हिरवा प्रणयाच्या अभावाची. तेव्हा रंगात अर्थ नसतो. तो माणसे घालतात, आणि ज्या गरजेने घालतात ती गरज खरी की खोटी एवढेच विचारावयाचे असते.

ध्वजाची गरज काय असते, हे धाराशिव जिल्ह्यातील माणसास तरी सांगावे लागू नये. २२ जुलै १९४७ रोजी घटनासमितीने तिरंगा स्वीकारला, तेव्हा हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता; तो मोकळा झाला १७ सप्टेंबर १९४८ रोजी. मधल्या काळात तिरंगा उभारणे हा येथे तुरुंगाचा रस्ता होता. कापडाच्या तुकड्यासाठी हा अट्टहास कशाला, असे तेव्हाही म्हणता आले असते. पण ज्यांस “तुम्ही नाहीतच” असे सांगितले जाते, त्यांस “आम्ही आहोत” हे दुरून दिसेल असे सांगावे लागते. दोन लढ्यांची तुलना आम्ही करीत नाही. ध्वजाचे प्रयोजन मात्र दोहोंकडे तेच.

आता दुसरा आक्षेप. हा अधिक सभ्य आहे आणि म्हणूनच अधिक फसवा. “ह्यात नवे ते काय? आमच्याकडे ब्रह्मचर्याचा गौरव अनादि आहे. ह्यांनी भगवा घ्यावा, स्वतंत्र ध्वज कशाला?” ह्याचे उत्तर चातुर्मासात सापडते. चार महिने एखादा आवडीचा पदार्थ सोडण्याची आपली रीत आहे. ज्यास गोड मुळीच रुचत नाही त्याने गोड सोडले, तर त्यास व्रत म्हणत नाहीत. भगवा हा जिंकलेल्या इच्छेचा रंग आहे. ज्यांस इच्छाच नाही त्यांनी काही जिंकलेले नसते, काही त्यागिलेले नसते, आणि ते तसा दावाही करीत नाहीत. ब्रह्मचर्य हा निश्चय होय. ही नुसती वस्तुस्थिती. त्यांच्यावर भगवी छाटी पांघरणे म्हणजे त्यांस नको असलेला मोठेपणा देऊन त्यांचे म्हणणे ऐकण्याचे टाळणे होय.

ह्याच जिल्ह्यातील तेरच्या गोरोबाकाकांची कथा आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. चिखल तुडविताना मूल पायाखाली गेले. संतापलेल्या संतीने विठ्ठलाची आण घातली, आणि गोरोबांनी तिला स्पर्श करावयाचे सोडले. पुढे वंशासाठी तिची बहीण रामी हिच्याशी त्यांचे लग्न लावले, तर दोघींस सारखे वागवा ह्या सासऱ्याच्या शब्दाचा आधार घेऊन त्यांनी तिलाही दूर ठेविले. कीर्तनकार येथे निष्ठेचा महिमा गातात, आणि तो गावा. गोरोबांची ती शपथ होती, स्वभाव नव्हता. म्हणून ह्या ध्वजाखाली त्यांस उभे करण्याचा उद्योग आम्ही करणार नाही. पण घरच्यांनी योजिलेला उपाय पाहा: एक संसार थांबला म्हणून दुसरे लग्न. त्या उपायाने काय साधले? एक स्त्री दुःखी होती, त्या दोघी झाल्या. शेकडो वर्षे ही कथा ऐकूनही “लग्न झाले की सगळे सुरळीत होते” हे वाक्य आमच्या ओठांवरून ढळलेले नाही.

तिसरा आक्षेप रोगाचा. शरीर अथवा मन बिघडल्याने असलेली इच्छा नाहीशी झाली आणि त्याचा त्रास होऊ लागला, तर वैद्याकडे जावे. ह्याबद्दल वाद नाही. पण जन्मभर जे असेच आहे, आणि ज्याने त्या माणसास स्वतःस काही दुखत नाही, त्यास रोग कोणत्या न्यायाने म्हणावे? अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ सालच्या निदानग्रंथाने, जे स्वतःस असेक्शुअल म्हणवितात त्यांच्यावर कामेच्छा कमी असल्याच्या विकाराचे निदान लादू नये, असे स्पष्ट केले आहे. “पश्चिमेचे खूळ” म्हणणाऱ्यांनी हेही ऐकावे की, २००४ साली अँथनी बोगर्ट ह्यांनी अठरा हजारांहून अधिक ब्रिटिश स्त्रीपुरुषांच्या पाहणीतील उत्तरे तपासली, तेव्हा सुमारे शंभरात एकाने आपणांस कोणाविषयीच असे आकर्षण वाटले नसल्याचे सांगितले होते. ते उत्तर देणाऱ्यांपुढे तेव्हा कोणता ध्वज नव्हता. आपल्या देशातही डॉ. प्रगती सिंग ह्यांनी ‘इंडियन एसेस’ ह्या नावाने अशा मंडळींस एकत्र आणिले. माणसे आधी होती. ध्वज मागाहून आला.

माणसे आमच्याकडेही आहेत. नाही तो शब्द. ‘अलैंगिक’ म्हणावे तर शाळेतील जीवशास्त्राच्या पुस्तकातला दुभंगणारा अमीबा डोळ्यांपुढे येतो. ‘निष्काम’ गीतेने आधीच घेतला. प्रणय न जाणणाऱ्यास ‘अरसिक’ म्हणणे हा तर उघड अन्याय; तो माणूस उत्तम गाणे ऐकत असेल, मित्रासाठी रात्र जागवीत असेल. ‘अकाम’ व ‘अप्रणयी’ हे शब्द आम्ही सुचवितो; ह्याहून चांगले कोणी दिल्यास आनंदाने घेऊ. शब्द नसला की मुलीला आईपाशी एवढेच म्हणता येते, “मला लग्न नको.” आणि आईच्या मनात त्याचे दोनच अर्थ उमटतात: कोठेतरी जमले आहे, नाहीतर डोक्यात काही शिरले आहे.

मुलीचे उदाहरण आम्ही हेतुपुरःसर घेतले. ‘सावधान’ शब्द ऐकताच बोहल्यावरून पळालेल्या रामदासांची कथा आम्ही कौतुकाने सांगतो. बोहल्यावरून उठणाऱ्या कन्येची अशी कथा आम्ही सांगत नाही. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’मधून विभावरी शिरूरकरांनी अविवाहित सुशिक्षित स्त्रीलाही भावना व वासना असतात असे दाखविले, तेव्हा गदारोळ झाला. आज एखादी स्त्री मला ती वासना नाही असे सांगते, तर तेही खपत नाही. स्त्रीने काय वाटून घ्यावे हे तिच्याआधी आम्हांस ठाऊक असते, हा हट्ट दोन्ही वेळा एकच.

ह्या हट्टाची किंमत लग्नानंतर द्यावी लागते, आणि ती दोघे देतात. जुन्या पद्धतीच्या विवाहात प्रणय कोणी विचारीत नसे, त्यामुळे अप्रणयी माणूस त्यात निभावून जाई. अकाम माणसास तीही सोय नव्हती. आता तर लग्नाआधीच चित्रपटातल्यासारखी छायाचित्रे काढून प्रणयाचा पुरावा मागतात. कायदाही ह्या माणसांस ओळखीत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात नपुंसकत्वाचा विचार आहे. पण अकाम म्हणजे नपुंसक नव्हे. २००७ साली समर घोष खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, शारीरिक असमर्थता किंवा सबळ कारण नसता दीर्घकाळ शरीरसंबंध नाकारणे हे मानसिक क्रौर्य ठरू शकते. आणि २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही, अठरा वर्षांवरील पत्नीवर पतीने केलेली बळजबरी बलात्कारात धरलेली नाही. म्हणजे अशी पत्नी नाही म्हणाली तर क्रूर ठरू शकते, आणि तिचे ‘नाही’ मोडले गेले तर कायदा त्यास बलात्कार म्हणत नाही. दुसऱ्या बाजूस, ज्या जोडीदारास काहीच न सांगता ह्या संसारात आणिले, त्याचीही फसवणूक झालेलीच असते. ती फसवणूक त्या अकाम माणसाने एकट्याने केलेली नसते. त्याला बोलू न देणाऱ्या घराने केलेली असते.

पहिल्या ध्वजातला तो पांढरा पट्टा आम्हांस म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. चार पट्ट्यांपैकी एक त्यांनी आपल्यासारखे नसलेल्यांस, आपल्या जोडीदारांस दिला आहे. “हे लोक केवळ स्वतःचाच विचार करतात” असे म्हणणाऱ्यांनी तो पट्टा पाहावा. संतीसाठी आणि रामीसाठी तेरच्या घरात कोणी जागा राखली नव्हती. ह्या ध्वजात ती आहे.

असो. ज्या आक्षेपकांस ध्वज आवडत नाही त्यांनी तो न उभारावा; आमची त्यांच्याकडे मागणी त्याहून लहान, पण अवघड आहे. मुलगी दाखविताना आपण गोत्र विचारतो, देवक विचारतो, उंची, पगार, पत्रिका, सारे विचारतो. त्याआधी एकदा, पाहुण्यांच्या गैरहजेरीत, आपल्याच मुलास व मुलीस विचारावे: “तुला संसाराची ओढ आहे ना?” उत्तर ‘नाही’ असे आले, तर वैद्य, ज्योतिषी व मध्यस्थ ह्यांपैकी कोणासही त्या दिवशी बोलावू नये. त्या ‘नाही’चा पुढे काय अर्थ करावयाचा, हे ज्याचे त्याला ठरवू द्यावे, आपण ते ऐकले, एवढे त्यास कळू द्यावे. ज्या घरात हे ऐकले जाईल, त्या घरातील मुलांस कोणताही ध्वज घेऊन रस्त्यावर जाण्याची निकड वाटणार नाही. तोपर्यंत ते ध्वज फडकत राहणार, आणि त्यांनी फडकावेच.