जुन्या संगणकावर कोणते लिनक्स घालावे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीला नित्याचा आधार देणे थांबविले, आणि अनेक कुटुंबांपुढे एक प्रश्न उभा राहिला. घरातील संगणक धडधाकट आहे. मुलांचा अभ्यास, घरचा जमाखर्च, परदेशी नोकरीस गेलेल्या मुलाशी बोलणे, सारे त्याच्यावरच चालते. परंतु त्याची घडण विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. मग तो भंगारवाल्यास द्यावा काय? मुळीच नको. अशा बहुतेक यंत्रांवर लिनक्स समाधानकारक चालते, आणि त्यास एक पैसाही पडत नाही.

मात्र येथेच नवखा मनुष्य गोंधळतो. लिनक्स हा वस्तुतः प्रणालीचा केवळ गाभा होय. लिनस टोर्वाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने तो १९९१ साली लिहावयास घेतला. त्या गाभ्याभोवती लेखनाची, छपाईची व इतर साधने जुळवून जे सिद्ध साहित्य आपल्या हाती येते, त्यास डिस्ट्रो म्हणतात. तांदूळ तोच, कोणाच्या घरी त्याची पेज होते, कोणाच्या घरी सांदणे.

डेबियन हे १९९३ सालचे, स्वयंसेवकांनी चालविलेले, गंभीर प्रकृतीचे. त्याच्या आधारे २००४ साली उबुंटू निघाले, आणि उबुंटूच्या आधारे २००६ साली लिनक्स मिंट. फेडोराची नवी आवृत्ति दर सहा महिन्यांनी निघते व प्रत्येकीस सुमारे तेरा महिनेच आधार मिळतो. म्हणजे वर्षातून एकदा तरी घडी मोडावयाची. आर्च तर ज्याचे त्यानेच जुळवावयाचे असते. हौशी तरुणांनी ते खुशाल करावे. परंतु ज्या घरी रात्री बारापूर्वी मुलीचा प्रवेशअर्ज भरावयाचा आहे, तेथे तो खेळ नको.

आमच्या मते सामान्य कुटुंबाने मिंट घ्यावे. त्याची मांडणी विंडोजसारखी असल्याने वडीलधाऱ्या माणसांसही परके वाटत नाही. त्याच्या २२ क्रमांकाच्या मालिकेस एप्रिल २०२९ पर्यंत सुधारणा मिळावयाच्या आहेत. शिवाय त्यातील टाइमशिफ्ट हे साधन आधी लावून ठेवले, तर एखादी सुधारणा अंगलट आल्यास प्रणाली पूर्वस्थितीस नेता येते. यंत्रात ४ जीबी स्मृति असेल तर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ति निवडावी. स्मृति २ जीबीच असेल तर फार आशा धरू नये. आजची संकेतस्थळेच इतकी जड झाली आहेत की डिस्ट्रो बदलून त्यांचे वजन घटत नाही.

निवड कायम करण्यापूर्वी परीक्षा पाहता येते, ही लिनक्सची मोठी सोय. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मिंट उतरवून संगणक त्यावरून सुरू करावा. आतील डिस्कला धक्का लागत नाही. मग वाय-फाय जुळते काय, आवाज येतो काय, कॅमेरा चालतो काय, हे पाहावे. प्रिंटरवर एक पान अवश्य छापून पाहावे, कारण काही छपाईयंत्रे लिनक्सशी अबोला धरतात. पेन ड्राइव्हवरून काम संथ चालते, त्यावरून वेगाचा निर्णय करू नये.

मराठी लेखनासाठी इन्स्क्रिप्ट कळफलक यात मिळतो. त्यात कन्नड अक्षरेही त्याच जागी असतात, ही गोष्ट बेळगावकडील विद्यार्थ्यांस उपयोगी पडेल. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत लिहिलेली पत्रे मात्र तो फॉन्ट नसेल तेथे निरर्थक चिन्हे दाखवितात. ती आधीच युनिकोडमध्ये करून घ्यावी.

मायक्रोसॉफ्ट ऑफिस व टॅली ही लिनक्ससाठी बनविलेली नाहीत. लिबरऑफिस वर्डची पत्रे उघडते, पण तक्ते कधीकधी सरकतात. ज्यांचा धंदाच टॅलीवर आहे, त्यांनी शेजाऱ्याने केले म्हणून विंडोज काढू नये.

प्रणाली बसविताना 'डिस्क पुसून टाका' या अर्थाचा पर्याय समोर येतो. तो निवडल्यास त्या डिस्कवरील सारे जाते. तेव्हा लग्नाची, पहिल्या कम्युनियनची छायाचित्रे आणि शेतीचे कागद आदल्या दिवशीच बाहेरच्या डिस्कवर उतरवावे, आणि ती डिस्क दुसऱ्या संगणकास लावून चार-दोन छायाचित्रे खरोखर उघडतात की नाही हे पाहून मगच पुढची कळ दाबावी.